बॉनेटला लागली हळद

जर्मन नागरिक होण्याआधीचा शेवटचा आठवडा माणसाने घरात बसून काढावा, असं माझं आता ठाम मत झालं आहे. सोफ्यावर बसावं, खिडकीतून कचऱ्याचे रंगीबेरंगी डबे बघावेत, कुठल्याही डब्यात चुकीचं काही टाकू नये आणि गुरुवारची वाट पाहावी. मी यातलं काहीच केलं नाही. मी वोनमोबिल भाड्याने घेतली.

वोनमोबिल म्हणजे चाकांवरचं घर. मागे पलंग, मध्ये शेगडी, बाजूला बेसिन आणि एका कपाटात, ज्याला गाडी देणारा माणूस मोठ्या अभिमानाने बाथरूम म्हणत होता, संडास. स्टुटगार्टहून निघायचं आणि उत्तरेला जर्मनी संपेपर्यंत जायचं. समुद्राच्या बांधाला धरून डेन्मार्कच्या सीमेकडे जो एकाकी हायवे जातो, त्याच्या टोकाला शिवून परत यायचं, अशी माझी योजना होती. जो देश आपला होणार तो आधी शेवटपर्यंत बघून घ्यावा, असं मी मीनलला म्हणालो. मीनल म्हणाली, "फ्लॅट घेताना तू बाथरूमसुद्धा बघितली नव्हतीस." बायकोपुढे तत्त्वज्ञान मांडू नये हे मला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं.

गुरुवारी मला नागरिकत्वाची सनद मिळायची होती. त्यासाठी मी किती कागद जोडले आणि त्या कागदांना जोडायला आणखी कुठले कागद जोडले, ते सांगत बसत नाही. कार्यालयातल्या बाईंनी फोनवर तारीख दिली आणि शेवटी एक वाक्य जोडलं. "तोपर्यंत तुमच्याविरुद्ध पोलिसांत काही दाखल झालं, नुसती चौकशी जरी सुरू झाली, तरी आम्हाला कळवायचं. मग ती संपेपर्यंत सगळं थांबतं." मग त्या हसल्या. "पण आता इतक्या थोड्या दिवसांत काय होणार आहे." मीही हसलो. सरकारी माणूस हसला की आपणही हसावं, ही सवय मी पुण्याहूनच आणली आहे.

वोनमोबिल घेतोय म्हटल्यावर सल्ल्यांचा पूर आला. हेर्त्सोगेनआउराखच्या सरिताने इथल्या मराठी लोकांच्या ग्रुपवर लिहिलं की कुकर न्याच, कारण त्या शेगडीवर डाळ नुसती भिजते, शिजत नाही. कोणी लिहिलं आरसे सांभाळा. कोणी नुसताच हात जोडलेला इमोजी टाकला, त्याचा अर्थ मला पुढे कळला. पण खरा मारा होता तो तिसऱ्या मजल्यावरच्या हेर फोग्ट, म्हणजे श्रीयुत फोग्ट, यांचा. हा माणूस निवृत्त झाल्यापासून कॅम्पिंग करतो आणि कॅम्पिंग करत नसेल तेव्हा कॅम्पिंगबद्दल बोलतो. त्यांनी मला जिन्यात उभं करून गॅसची बाटली, टायरची हवा आणि संडासाची टाकी रिकामी करण्याची शास्त्रोक्त पद्धत समजावली, हातवाऱ्यांसकट. आणि शेवटी, आवाज खाली आणून, सगळ्यांत महत्त्वाचं सांगितलं. "समोरून वोनमोबिल आली की स्टिअरिंगवरचा हात उचलायचा. ते उचलतात, आपण उचलायचा. नाही उचललात तर लोकांना वाटतं, गाडी भाड्याची आहे."

गाडी भाड्याचीच होती. पण मी हात उचलायचं ठरवलं.

आम्ही चौघं निघालो. मी, मीनल, आमची चौदा वर्षांची ओवी आणि पुण्याहून दोन महिन्यांसाठी आलेल्या सासूबाई. ओवीला मराठी सगळं समजतं, पण उत्तर ती जर्मनमध्ये देते. इथे तिचं बोलणं मी मराठीत देतो आहे, त्यामुळे ती प्रत्यक्षात होती त्यापेक्षा जास्त आज्ञाधारक वाटेल. सासूबाई, म्हणजे लतिकाबाई, महापालिकेच्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाल्या आहेत. बाई शांत आहेत. रागावल्या की आणखी शांत होतात.

गाडी ताब्यात घेताना त्यांनी पिशवीतून नारळ, हळद, कुंकू आणि लिंबू काढलं होतं. मी त्यांना बाजूला घेऊन म्हणालो, "आई, भाड्याची गाडी आहे. इथे पूजा करत नाहीत."

"भाड्याच्या गाडीला अपघात होत नाही का?" त्यांनी विचारलं.

मी विमा, विम्यातली सूट वगैरे सांगायला लागलो. त्यांनी नारळ परत पिशवीत ठेवला. पहिल्या दिवशी एका खेड्यात बेकरीच्या पाटीला लागून आमचा उजवा आरसा फुटला, तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी संडासाच्या कपाटाचं दार चालत्या गाडीत उघडून माझ्या डोक्यात बसलं, तेव्हाही काही बोलल्या नाहीत. मला वाटलं, बाईंचं समाधान झालं.

बाकी ते दोन दिवस झकास गेले. समोरून वोनमोबिल आली की मी हात उचलायचो आणि समोरचा हात वर व्हायचा. पिकलेल्या मिशांचे, टोप्या घातलेले, कुत्री मांडीवर घेतलेले जर्मन मला हात करत होते. इतक्या वर्षांत ऑफिसात जे मिळालं नाही ते मला हायवेवर मिळत होतं. मी ओवीला म्हणालो, "बघ, याला इंटिग्रेशन म्हणतात." ओवीने कानातला इअरफोन आणखी आत ढकलला.

तिसऱ्या दिवशी, सोमवारी, आम्ही हुसुमच्या पुढे गाड्यांच्या तळावर होतो. पहाटे भुरभुर पाऊस होता. आम्ही तिघं झोपलेलो असताना सासूबाई उठल्या, अंघोळ केली आणि माझा अपमान होऊ नये म्हणून कोणालाही न उठवता खाली उतरून गाडीची पूजा केली. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तुम्हाला आत्ताच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे माझ्याबरोबर तुम्हीही घाबराल.

त्यांनी पांढऱ्याशुभ्र बॉनेटवर हळदीचं स्वस्तिक काढलं. लहानसं नाही. चित्रकलेची शिक्षिका समोरची जागा बघून आकार ठरवते. पावसाने वाहून जाऊ नये म्हणून हळद तेलात घट्ट कालवलेली, रेघा ओवीच्या पट्टीने आखलेल्या आणि चार घरांत कुंकवाचे चार ठिपके. पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं, हात जोडले आणि वर येऊन चहा टाकला.

ही खूण या देशात काय आहे, ती उघड दाखवणं इथे गुन्हा आहे, ते मला माहीत नव्हतं असं कृपा करून समजू नका. नागरिकत्वाच्या परीक्षेत नाझी काळावर प्रश्न होते आणि मी पैकीच्या पैकी मार्क मिळवले होते. स्वस्तिक छापलेली आमच्या लग्नाची पत्रिका आम्ही फ्रेममधून काढून कपाटाच्या तळाशी ठेवली आहे. दारावरच्या तोरणातली मधली स्वस्तिकाची टिकली मीनलने उसवून टाकली होती. सगळी काळजी घेतली होती. फक्त सासूबाईंना सांगायचं राहून गेलं होतं, कारण त्या इथे आल्यापासून देव्हाऱ्यापुढे रोज कमळच काढत होत्या.

वोनमोबिलचा मोठा गुण असा की बाहेर न उतरता पलंगावरून थेट ड्रायव्हरच्या सीटवर जाता येतं. आणि मोठा दोष असा की तिथे बसल्यावर बॉनेट दिसत नाही. मी चहा घेतला, आतूनच सीटवर बसलो आणि निघालो. चाकाखाली काहीतरी फच्च झालं. सासूबाईंनी मागे समाधानाने डोळे मिटले.

रस्ता मी कल्पना केली होती तसाच होता. डावीकडे समुद्राला अडवणारा गवती बांध, त्यावर मेंढ्या, उजवीकडे ओली शेतं आणि लांबवर फिरणाऱ्या पवनचक्क्या. बाकी कोणी नाही. बऱ्याच वेळाने समोरून एक वोनमोबिल आली. मी हात उचलला. समोरच्या म्हाताऱ्याने हात उचलला नाही. तो माझ्याकडे बघत राहिला, गाडी शेजारून जाईपर्यंत बघत राहिला.

"झोपेत असेल," मी म्हणालो.

दुसरी आली. मी हात जरा जास्त उचलला. त्या बाईने नवऱ्याचा दंड धरला. मग एक ट्रॅक्टर आला, त्याने लांबलचक हॉर्न दिला. मी हॉर्न देऊन उत्तर दिलं. उत्तरेकडची माणसं अबोल असतात असं हेर फोग्ट म्हणाले होते, मग हॉर्नमधून बोलत असतील. तिसऱ्या वोनमोबिलने दिवे मारले, तेव्हा मात्र मी वेग कमी केला. मी मीनलला विचारलं, "आपली गाडी भाड्याची आहे ते कळतंय का यांना?"

"पाटी आहे ना मागे," मीनल म्हणाली.

"हे पुढून बघतायत."

रेल्वे फाटक बंद होतं म्हणून थांबलो. पुढच्या गाडीतल्या माणसाने आरशात पाहिलं, खाली उतरला आणि फोन काढून आमच्या गाडीचा फोटो घेतला. आणि मी, उल्हास गानू, गुरुवारी जर्मन होणारा इसम, त्या फोटोसाठी हसलो. नुसता हसलो नाही, अंगठा वर केला. हे आठवलं की आजही मला अंथरुणात उठून बसावं लागतं. तो माणूस माझ्याकडे असं काही बघून गेला की मी अंगठा हळूच खाली घेतला, पण तोवर फोटो निघाला होता.

पुढे एका लहानशा पेट्रोल पंपावर डिझेल भरायला थांबलो. मी भरत होतो गाडीच्या बाजूला, नळी मागच्या अंगाला, त्यामुळे तिथेही मला बॉनेट दिसलं नाही. ओवी आइस्क्रीम बघायला पुढून गेली. ती काचेच्या दारापर्यंत गेली, सहज मागे वळली आणि तशीच उभी राहिली. मग माझ्याकडे चालत आली.

"बाबा," ती म्हणाली, "पुढे ये."

मी पुढे गेलो. बॉनेट बघितलं. मला त्या क्षणी पहिल्यांदा काय सुचलं ते लपवत नाही. रेघा किती सरळ आहेत, हे सुचलं. दुसऱ्यांदा गुरुवार सुचला.

आत काउंटरवर एक तरुण मुलगी होती. तिने माझ्याकडे न बघता कार्डाचं मशीन पुढे सरकवलं आणि पावती दिली नाही. मला स्पष्टीकरण द्यायचं होतं. "सासू" म्हणून मी सुरुवात केली. ती मागच्या खोलीत निघून गेली.

गाडी पुढे हलवणं भाग होतं आणि पुढे हलवणं हाच गुन्हा होता. मी मिनिटभर विचार केला, मग मीनलचा मोठा टॉवेल बॉनेटवर टाकून वायपरखाली खोचला. जेमतेम पुढच्या वळणापर्यंत गेलो असू. त्या भागात वारा असा आहे की झाडंसुद्धा एका बाजूला वाकून वाढली आहेत. टॉवेल फडफडला, काचेवर आला, मला काही दिसेना, मी करकचून ब्रेक मारला आणि टॉवेल सुटून बांधावरून समुद्राच्या दिशेने गेला. मेंढ्यांनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. मग आमच्याकडे पाहिलं.

रस्त्याच्या कडेला बांधाखाली गाड्या लावायची एक मोकळी जागा होती. तिथे गाडी घातली आणि सगळ्यांना खाली उतरवलं. सासूबाई उतरल्या, बॉनेटकडे कौतुकाने बघून म्हणाल्या, "बघा, पावसाने काही झालं नाही."

मीनलने कपाळावर हात मारून घेतला. "आई, काय केलंस तू हे."

"काय केलं?"

मी भांड्यांचा साबण आणि घासणी घेऊन बॉनेटवर तुटून पडलो होतो. आणि इथे मला एक गोष्ट कबूल करावी लागते. माझ्याकडे इंजिनिअरिंगची पदवी आहे. हळदीला साबण लागला की काय होतं ते मराठी घरातलं शेंबडं पोरही सांगेल. मी सांगू शकलो नाही. पहिल्या फटक्यात चार ठिपके निघाले. कुंकू होतं ते, पाण्यातलं, गेलं. आणि राहिलेलं स्वस्तिक माझ्या डोळ्यांदेखत पिवळ्याचं केशरी आणि केशरीचं लाल झालं. जितकं घासलं तितकं लाल.

पांढऱ्या जमिनीवर लाल. मी घासणी खाली ठेवली.

"मी या गाडीत बसणार नाही," ओवी म्हणाली. ती रस्त्याच्या कडेला पाठ करून उभी होती. "कोणी बघितलं मला यात तर? तू टेस्टमध्ये पैकीच्या पैकी मिळवलेस ना, बाबा? काय लिहिलं होतंस मग?"

मला राग आला. खरं सांगायचं तर लाज वाटली आणि मी रागावलो. "हे मी काढलंय का?" असं ओरडलो. ते सासूबाईंनी ऐकलं.

लुडविग्सहाफेनला माझा मित्र लहू आहे. केमिस्ट्रीत डॉक्टरेट. फोनला रेंज नव्हती म्हणून मी बांधावर चढलो. अर्ध्यात मेंढ्यांच्या लेंड्यांवरून घसरलो, परत चढलो, वर वाऱ्यात हात उंच करून उभा राहिलो तेव्हा एक काडी आली. लहूने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"साबण लावलास?" त्याने विचारलं.

"लावला."

"सातवीत हळदीचा कागद केला नव्हतास का, लिटमससारखा?"

"लहू, उपाय सांग."

"ऊन. उन्हात हळद उडते."

मी आकाशाकडे पाहिलं. क्षितिजापासून क्षितिजापर्यंत ते एकाच राखाडी रंगाचं होतं. "ऊन नाही. दुसरं?"

"मग आंबट काहीतरी लाव. लिंबू. निदान लाल जाईल, पुन्हा पिवळं होईल. जरा बरं दिसेल." थोडं थांबून तो म्हणाला, "आणि उल्हास, त्याच्याबरोबर फोटोबिटो काढू देऊ नकोस कुणाला." मी फोन ठेवला.

लिंबू एकच होतं आणि त्याच्यावरून गाडी गेली होती. दही होतं. सासूबाईंनी विरजण घालून डबाभर लावलेलं, चांगलं आंबट. मी तो डबा घेतला आणि हाताने बॉनेटवर दही फासू लागलो, रेघेरेघेवरून, वरून खाली. मीनल मागे उभी राहून "तिथे राहिलं, तिथे राहिलं" सांगत होती. ओवी आजीला घेऊन गाडीच्या पायरीवर बसली होती आणि हळू आवाजात काहीतरी सांगत होती. सासूबाई मान खाली घालून ऐकत होत्या. दह्याने काम करायला सुरुवात केली होती, वरची एक भुजा पिवळी होत होती आणि मी आनंदाने आणखी दही घालत होतो, तेव्हा मागे गाडी थांबल्याचा आवाज आला.

"मोइन," कोणीतरी उत्तरेकडचा नमस्कार केला.

पोलिसांची गाडी होती. एक उंच बाई, पन्नाशीच्या आतल्या, उतरून आल्या होत्या. सहकारी गाडीपाशी रेडिओवर बोलत राहिला. बाईंनी बॉनेट पाहिलं, मग कोपरापर्यंत दह्याने भरलेले माझे हात. दुरून येणाऱ्याला मी त्या खुणेला अभिषेक करतोय असंच दिसलं असणार.

"तुमच्याबद्दल तक्रारी आल्या आहेत," त्या म्हणाल्या. "एक नाही. फोटोही आला आहे. हे काय करताय?"

"दही," मी म्हणालो.

त्यांनी वही काढली.

माझं जर्मन चांगलं आहे. मी त्या भाषेत मीटिंग चालवतो. पण त्या क्षणी ते मला सोडून गेलं. मी म्हणालो की हे ते नाही, हे दुसरं आहे, हजारो वर्षं जुनं, शुभ, आमच्याकडे दारावर असतं, लग्नाच्या पत्रिकेवर असतं, आणि ओळखायची खूण म्हणजे यात चार ठिपके असतात.

"कुठे आहेत ठिपके?"

"पुसले."

"कोणी?"

"मी."

"आणि बाकीचं ठेवलंत."

"बाकीचं निघत नाही."

"लाल रंग कुणी दिला?"

"आधी पिवळं होतं. मी लाल केलं." यातलं प्रत्येक वाक्य खरं होतं आणि ऐकताना मलाच माझा संशय येत होता. त्यात बाईंनी माझं ओळखपत्र मागितलं, तेव्हा मी दह्याच्या हाताने पाकीट काढलं आणि घाबरून नको ते बोलून बसलो. "गुरुवारी माझी आइनबुर्गेरुंग आहे. नागरिकत्व मिळणार आहे."

"या," बाई म्हणाल्या, म्हणजे 'हो'. आमच्याकडच्या 'या'मध्ये निदान बोलावणं असतं, त्यांच्या 'या'मध्ये काहीच नव्हतं. "हेर गानू, हेतू काय होता ते मी ठरवत नाही. ते सरकारी वकील ठरवतात. मी फक्त लिहून घेते, कोणी काढलं."

वारा जरा थांबला. मला आठवतंय, कारण त्यामुळे माझा विचार मला स्वच्छ ऐकू आला. सासूबाईंना महिन्याभराने पुण्याला जायचं होतं. त्यांना कुठलीही सनद मिळणार नव्हती, कुठलं कार्यालय त्यांना काही विचारणार नव्हतं. एक बोट दाखवलं की गुरुवार वाचत होता. आणि खोटंही बोलावं लागणार नव्हतं. नुसतं खरं बोलायचं होतं.

"मी," मी म्हणालो.

यात धैर्य वगैरे काही नाही. मीनल माझ्याकडे बघत होती. पण त्याहून जास्त, पायरीवर बसलेल्या सासूबाई मघापासून माझ्याकडे बघायचं टाळत होत्या, आणि ते मला सहन होईना.

बाईंनी लिहायला पेन टेकवलं. पायरीवरून सासूबाईंनी ओवीला विचारलं, "काय विचारतेय गं ती?"

आणि ओवीने उत्तर दिलं. मराठीत. "कोणी काढलं विचारते. बाबा म्हणतात, त्यांनी काढलं."

सासूबाई उठल्या. पदर खोचला आणि चालत पोलीसबाईंच्या समोर येऊन उभ्या राहिल्या. "सांग तिला, खोटं आहे. उल्हासरावांना सरळ रेघसुद्धा येत नाही. मी काढलंय."

ओवीने सांगितलं. पोलीसबाईंनी सासूबाईंकडे पाहिलं, मग बॉनेटवरच्या रेघांकडे, मग माझ्याकडे. त्यांची खात्री पटल्याचं मला दिसलं. इतक्या लवकर पटायला नको होती.

"आणि हेही सांग," सासूबाई म्हणाल्या. त्या सावकाश बोलत होत्या, वर्गात बोलावं तशा. "इथे या खुणेखाली काय झालं ते मला आत्ता माझ्या नातीने सांगितलं. पुस्तकात वाचलं होतं, पण ते लांबचं वाटायचं. जिथे माणसं मारली ती जागा शाळेने तिला नेऊन दाखवली. आम्ही दारात खूण काढतो ती येणाऱ्याला बरं वाटावं म्हणून. ती बघून येणारा घाबरत असेल तर ती इथे काढायची नाही. ती कितीही शुभ असली तरी. मला आधी कोणी सांगितलं असतं, तर काढलीच नसती."

शेवटचं वाक्य म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते मला बरोबर लागलं.

ओवीने एकेक वाक्य जर्मनमध्ये केलं. "ती जागा" म्हणताना तिचा आवाज अडखळला. पोलीसबाईंनी पेन उचललं, पण लिहिलं काही नाही.

"हे घेऊन तुम्ही रस्त्यावर जाऊ शकत नाही," त्या म्हणाल्या. "एक मीटरही नाही."

"पुसून निघत नाही ना?" सासूबाईंनी विचारलं. "मग हळदीची डबी द्या. आणि तेल."

मी पोलीसबाईंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. मग आम्ही सगळे, मी, मीनल, ओवी, पोलीसबाई आणि रेडिओ सोडून आलेला त्यांचा दांडगा सहकारी, गाडीच्या पुढे अर्धगोल करून उभे राहिलो आणि सासूबाईंनी काम सुरू केलं. त्यांनी उघड्या भुजा एकमेकींना मिळवून टाकल्या. चारी बाजू बंद झाल्या, नुसती चार चौकटींची खिडकी राहिली. मग त्या खिडकीच्या प्रत्येक कोपऱ्यावरून आणि प्रत्येक बाजूवरून बोटाने एक पाकळी ओढली. आतल्या जागा हळदीने भरून टाकल्या. दही लागलं होतं तिथे पिवळं, साबण राहिला होता तिथे लाल. थोड्या वेळाने तिथे आठ पाकळ्यांचं कमळ होतं, आणि आधी काय होतं ते माहीत असूनही मला ते शोधून सापडेना.

दांडगा पोलीस "श्योन", म्हणजे सुंदर, असं काहीतरी पुटपुटला. पोलीसबाईंनी वहीत लिहिलं आणि, बहुधा माझा चेहरा बघवेना म्हणून, वाचून दाखवलं. "वाहन थांबवले. बॉनेटवर घाण. पुढील कारवाई नाही."

गुरुवार परत आला होता.

"काय म्हणाली?" सासूबाईंनी विचारलं.

"बॉनेटवर घाण होती, असं लिहिलंय," ओवी म्हणाली.

"घाण?" सासूबाई म्हणाल्या. "माझ्या कमळाला?"

"आई, राहू द्या," मी म्हणालो. "ओवी, काही सांगू नकोस. खबरदार."

"तिला सांग, मी पस्तीस वर्षं चित्रकला शिकवली आहे. घाण म्हणायचं नाही."

ओवीने माझ्याकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं आणि अक्षरशः भाषांतर केलं. मी डोळे मिटून घेतले. मग कागदावर पेन ओढल्याचा आवाज आला.

"बॉनेटवर फूल," पोलीसबाईंनी वाचलं. "गेनाऊ?"

"गेनाऊ," सासूबाई म्हणाल्या. गेनाऊ म्हणजे अगदी बरोबर, एवढं जर्मन त्या आमच्याकडून शिकल्या होत्या.

पोलीस निघून गेल्यावर मी गाडीचं दार उघडून उभा राहिलो. ओवी आत चढली आणि आजीला हात देऊन वर घेतलं. हायवेच्या टोकाला आम्ही गेलो. तिथे एक पाटी होती आणि पाऊस होता, बाकी काही नव्हतं. परतीच्या वाटेवर कासेलच्या पुढे कडक ऊन पडलं आणि लहूचं शास्त्र खरं ठरलं. स्टुटगार्टला पोचेपर्यंत कमळ पार फिकट झालं होतं आणि गाडी देणारा माणूस फुटलेल्या आरशाबद्दल बोलण्यात इतका गुंतला की त्याने बॉनेटकडे पाहिलंच नाही.

गुरुवारी मी सूट घातला. कार्यालयातल्या बाईंनी विचारलं, दरम्यान काही घडलं का. मी म्हणालो, काही दाखल झालेलं नाही. मग सगळ्यांना उभं करून एकेकाकडून शपथ वाचून घेतली. मी या देशाच्या घटनेचा आणि कायद्यांचा आदर करीन, आणि ज्याने या देशाला इजा होईल असं काहीही करणार नाही. परीक्षेआधी मी हे वाक्य आरशासमोर कितीदा म्हटलं होतं, कधी अडखळलो नव्हतो. त्या दिवशी "इजा" या शब्दापाशी मी अडखळलो आणि बाईंना वाटलं, मला जर्मन येत नाही.

मागच्या ओळीत सासूबाई ओवीच्या कानाशी लागल्या होत्या. "एवढा वेळ काय वाचायला लावलं गं त्यांना?"

ओवीने हळूच मराठीत सांगितलं.

"एवढंच?" सासूबाई म्हणाल्या. "ते तर आपण त्या रस्त्यावरच करून आलो."